थोरलीची खोळ

देवी उघडी असताना तिच्याकडे बघायचं नाही, हा आमच्या वाडीचा नियम. तो आम्ही इतका जपला की त्याच्याच आडोशाने आमची देवी उचलून नेली. तीही भर दुपारी, आणि सगळी वाडी तेव्हा डोंगराकडे पाठ करून बसली होती. चोर बाहेरचा असता तर चार शिव्या घालून मी मोकळी झाले असते. तो बाहेरचा नव्हता, म्हणून तर हे सांगायला बसले.

मी शालूबाई. आमची वाडी उंब्रजच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात. माझा जन्म गेला अंगणवाडीतल्या पोरांची नाकं पुसण्यात आणि त्यांच्याकडून अक्षरं गिरवून घेण्यात. त्यामुळे लिहाबोलायला मी कुणाला हार जात नाही, आणि राग गिळायची मला सवय नाही. माझ्या मालकांचं नाव लालासाहेब. ऊस, म्हशी आणि माझ्याशी भांडण, एवढ्यात त्यांचा दिवस जातो.

वाडीच्या वर कातळात कोरलेल्या खोल्या आहेत. आम्ही नुसतं लेणी म्हणतो. त्यातल्या एका खोलीत पाण्याचं टाकं आहे, ते ऐन उन्हाळ्यातही आटत नाही. टाक्याच्या काठाला, भिंतीला टेकून दोन शिळा उभ्या असतात. पुरणाच्या पाट्याहून थोड्या मोठ्या, अंगावर शेंदराचा जाड थर. एक थोरली, एक धाकटी. दोघी जावा पाणी भरायला आल्या, एकमेकींना सोडून जाववेना म्हणून तिथेच दगड होऊन राहिल्या, अशी गोष्ट माझ्या सासूने मला सांगितली. मी ती रेश्माला सांगितली. जागेचं नावच जावांचं ठाणं.

शेंदूर लावायचा मान आमच्या घराचा. घरच्या थोरल्या सुनेने थोरलीला लावायचा, धाकट्या सुनेने धाकटीला. थोरलीला लागल्याशिवाय धाकटीला लागत नाही. आता थोरली सून मी आणि धाकटी रेश्मा.

रेश्माविषयी बोलायचं म्हणजे जीभ जड होते. माझा धाकटा दीर मानसिंग फौजेत. अंगाची हळद उतरायच्या आत तो रेश्माला आमच्याकडे सोडून नोकरीवर गेला. एवढीशी पोर, एकटी झोपायला भ्यायची, गुपचूप येऊन माझ्या पांघरुणात शिरायची. तिला भाकरी थापायला मी शिकवलं. तिचं बाळंतपण मी काढलं. पुढे तिचं घर शेजारीच वेगळं झालं, पण मधली भिंत आम्ही दोघींनी कधी मानली नाही. मला सख्खी बहीण नाही. असती तरी तिच्यावर माझा इतका जीव जडला असता की नाही, कोण जाणे. वाडीतल्या बायका चेष्टा करायच्या, "खालच्या जावा बगाव्या का वरच्या? दोन्ही सारख्याच चिकटल्यात." मला ऐकून गुदगुल्या व्हायच्या.

दोन वर्षांपूर्वी उत्कर्षा नावाची मुलगी वाडीत आली. जतची. तिकडच्या मेंढपाळाच्या घरातली, शिकून जुन्या लेखांची अभ्यासक झालेली. धाकटीच्या अंगावरचा शेंदराचा एक टवका उडाला होता. तिथे ती बराच वेळ डोळे लावून बसली आणि मग म्हणाली, "आक्का, आत अक्षरं आहेत. दोन हजार वर्षांची असतील. इथं बौद्ध भिक्षुणी राहत असाव्यात."

वाडीत यावरून थोडी बाचाबाची झाली. आमच्या देवीला ही पोर भिक्षुणी कशी म्हणते, असं काहींचं म्हणणं. बौद्ध वस्तीतली माणसं दर वैशाखी पौर्णिमेला टाक्यावर मेणबत्त्या लावून जातात. हे लेणं आमचं आहे, असं ती किती वर्षं सांगत होती, पण आम्ही कधी कान दिला नव्हता. शेवटी लालासाहेब पारावर उठून म्हणाले, "दोन हजार वर्सामागं आपन तरी कोन हुतो, ठावं हाय का कुनाला? बसा गप." आणि विषय मिटला.

लेखात काय लिहिलंय, याची मात्र मला तहान लागली. जन्मभर ज्या अंगाला तेल चोळलं त्यावर काही लिहिलेलं आहे, आणि अक्षरं शिकवणारी मी ते जाणत नाही! मी उत्कर्षाला म्हटलं, "खरवड की शेंदूर."

ती म्हणाली, "न्हाई आक्का. शेंदरानंच अक्षरं राखलीत. देवी आपणहून खोळ टाकेल तवा मला बोलवा. मी थांबेन."

खोळ म्हणजे शेंदराचं कवच. थरावर थर चढून ते जड होतं आणि एखाद्या वर्षी आख्खंच्या आख्खं सुटून येतं. माझ्या सासूने ते उभ्या आयुष्यात एकदा पाहिलं होतं. मी कधीच नाही. उत्कर्षा थांबते म्हणाली तेव्हा मला वाटलं, या पोरीला माझ्या मरणाची तिथी ठाऊक नाही.

दुसरा एक माणूस मात्र थांबणारा नव्हता. जयराज. आमच्या भागातला पुढारी आणि लालासाहेबांच्या आतेबहिणीचा मुलगा. धरणाच्या काठाला त्याचा बंगला आहे. त्याच्या अंगणात जुनी जाती, उखळं, कुठल्या कुठल्या गावचे वीरगळ मांडून ठेवलेत. अक्षरांची बातमी कळल्यावर तो आला, ठाणं बघितलं आणि चहा पिता पिता म्हणाला, "मामा, दोघीतली एक द्या की आमच्या दारात ठेवायला."

लालासाहेब म्हणाले, "जावांची ताटातूट करतोस व्हय रं? च्या पी आन् सूट."

जयराज हसला, आम्हीही हसलो. रेश्माच चहाचे कप उचलत होती. तीही हसली.

त्याच वर्षी पंचायत समितीची आमची जागा बायकांसाठी सुटणार, अशी कुणकुण लागली. वाडीतली माणसं माझ्याकडे आली. अर्ध्या तालुक्याची पोरं माझ्या हाताखालून गेलीत, तुमीच उभ्या ऱ्हावा म्हणाली. मी म्हटलं, माझे गुडघे गेले, आता दारोदार कोण फिरणार? रेश्माला करा. ती हुशार आहे, तिला चार माणसांत बोलता येतं. तिकीट जयराजच्या हातात. त्याच्याकडे शब्द टाकायला मीच रेश्माला घेऊन गेले. तो म्हणाला, बघू. परतताना गाडीत रेश्मा माझा हात धरून बसली होती.

यंदा भादव्यात एका सकाळी तीच पळत आली. "आक्का, थोरलीनं खोळ टाकली!"

मी गुडघे विसरले. वर जाऊन पाहिलं तर खोळ टाक्याच्या काठावर पालथी पडलेली, आख्खी, कुठे तडासुद्धा नाही. धाकटीचीही सैल झाली होती, ती आम्ही हलक्या हाताने सोडवली. दोघींनी डोळे मिटून शिळांवर हिरवी लुगडी टाकली. डोळे मिटूनच, कारण नियम तसाच आहे. नवा शेंदूर लागेपर्यंत देवी उघडी. तिला बघायचं नाही. तेल लावायचं तेही डोळे मिटून, नुसत्या हाताने. वाडीनेही तेवढे दिवस डोंगराकडे बघायचं नाही. पारावरचे म्हातारे दिशा बदलून बसतात. दाराशी भाजी निवडणाऱ्या बाया पाट फिरवून घेतात. लालासाहेब म्हणतात म्हशीसुद्धा उलट्या बांधायच्या असतात, पण ती त्यांची थट्टा.

खोळीकडे मात्र बघायला हरकत नाही. मी थोरलीची खोळ उलटी करून पाहिली. आतल्या बाजूला अक्षरं वर उठून आली होती. त्यांच्यावरून मी बोट फिरवलं आणि माझ्या अंगावर काटा आला.

खोळींचंही एक माहेरपण असतं. थोरलीची खोळ धाकट्या जावेच्या घरी राहते, धाकटीची थोरल्या जावेच्या घरी. घटस्थापनेला शिळांना नवा शेंदूर लागतो आणि दसऱ्याला दोन्ही खोळी उंब्रजला तारळी आणि कृष्णेच्या संगमावर सोडायच्या. त्याप्रमाणे थोरलीची खोळ रेश्माने आपल्या देव्हाऱ्यात ठेवली, धाकटीची मी माझ्या.

मी लगेच उत्कर्षाला फोन केला. ती कुठेतरी लांब खोदकामावर होती. म्हणाली, "घटस्थापनेला सकाळी येते. शेंदूर लावायच्या आधी मला फक्त एकदा वाचू द्या." सासूच्या नियमात हे बसत नव्हतं. पण मी ठरवलं, बाळंतिणीला डॉक्टर बघतो, त्याचं कुणी पाप धरत नाही. हीही वाचणारी आहे. तिला चालेल.

शेंदूर लागेपर्यंत रोज संध्याकाळी ठाण्यात दिवा लावायचा असतो. जाळीच्या दाराच्या दोन किल्ल्या, एक माझ्याकडे, एक रेश्माकडे. पहिले दिवस आम्ही दोघी गेलो. मग रेश्मा म्हणाली, "आक्का, पायऱ्यांवर शेवाळ हाय. तुमी नका चडू. दिव्याचं मी बगते." आणि नुसतं म्हणून थांबली नाही. निरगुडीचं तेल गरम करून आणलं, माझे गुडघे चोळून दिले. मी लालासाहेबांना म्हटलं, पोटची लेक असती तरी एवढं केलं नसतं. हे वाक्य आता आठवलं की मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

घटस्थापनेच्या सकाळी वाडी नवी लुगडी, धुतलेली धोतरं नेसून ठाण्याच्या पायथ्याशी जमली. सगळे पाठ करून. शेंदूर लागला की मी घंटा वाजवायची आणि मग सगळ्यांनी वळून दर्शन घ्यायचं. आत आम्ही तिघीच, मी, रेश्मा आणि उत्कर्षा. रेश्मा शेंदूर कालवत होती. उत्कर्षा शेंदराआधी वाचणार, हे मी तिला बोलले नव्हते; तिला आलेली बघून ती थोडी गोंधळली, असं मला वाटलं, पण तेव्हा मी त्याचा विचार केला नाही.

उत्कर्षाने आधी धाकटीचं लुगडं बाजूला केलं. आम्ही दोघी तोंड फिरवून उभ्या. ती एकेक अक्षर लावत वाचत होती. तिचा आवाज हलका झाला. "आक्का, ऐका. धमसिरी नावाच्या भिक्षुणीची शिष्या, बोधिका. तिनं आपल्या गुरुणीच्या पुण्यासाठी दिलेलं हे पाण्याचं टाकं."

"म्हंजी धाकटीनं थोरलीसाठी?"

"व्हय, तसंच."

माझे डोळे भरून आले. दोन हजार वर्षांपूर्वी कुणी एक धाकटी आपल्या थोरलीच्या नावाने पाणी देऊन गेली, आणि आम्ही वाचता येत नसताना त्यांना जावा म्हणत आलो. मी रेश्माचा हात धरला. तो गार होता.

"आता थोरली," उत्कर्षा म्हणाली.

मी म्हटलं, "थांब. आधी तिला तेलाचा हात फिरवते, मग वाच."

डोळे मिटले आणि लुगड्याखाली हात घातला. थोरलीच्या खालच्या उजव्या कोपऱ्याला एक टवका आहे. शेंदराचा थर असतानाही तो खोलगट लागायचा. तेल लावताना माझा अंगठा नेहमी तिथे टेकतो, तिथून हात वर जातो. त्या दिवशी अंगठा टेकला तर कोपरा साबूत. मला वाटलं मी वाकडी उभी राहिले. पुन्हा चाचपलं. टवका होता, पण डावीकडे. आणि दगड हाताला खरखरीत लागत होता, नव्या पाट्याला टाकी घातल्यावर लागतो तसा.

मी लुगडं बाजूला केलं आणि डोळे उघडले. आयुष्यात पहिल्यांदा मी उघड्या थोरलीकडे बघितलं, आणि ती थोरली नव्हती.

उत्कर्षा पुढे झाली. वाकून बघू लागली आणि बघतच राहिली. "आक्का, ही अक्षरं उलटी आहेत."

"उलटी म्हंजी?"

"आरशात दिसतात तशी. ओळ उजवीकडून सुरू झालीय. दगडबी नवा हाय. कुणीतरी कशावरून तरी नक्कल केलीय, पण ती उलटी उतरलीय."

अंगणवाडीत माझ्याकडे रबरी शिक्का होता. त्यावर गावाचं नाव उलटं कोरलेलं असायचं आणि कागदावर उठलं की सरळ. आता शिळेवर अक्षरं सरळ असतील तर तिच्यावरून निघालेल्या ठशात ती उलटीच असणार. थोरलीचा ठसा जगात एकच होता. तिची खोळ. आणि ती खोळ कुणाच्या देव्हाऱ्यात होती, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी रेश्माकडे वळले. शेंदराचं ताट हातात धरून ती जमिनीकडे बघत होती.

"खोळीचा फोटो काढून दिलास?" मी विचारलं.

तिने ताट खाली ठेवलं.

"दगडाचाच द्यायचा हुतास, भवाने! निदान नक्कल तरी सरळ झाली असती."

तेव्हा ती पटकन म्हणाली, "उघड्या देवीचा फोटू कसा काडनार, आक्का? पाप लागंल की!"

मला हसू आलं की रडू, मला अजून कळलेलं नाही. देवी उचलून देताना जिला पाप लागलं नाही, तिला फोटोचं पाप लागत होतं. पुढे तिनेच सांगितलं, जयराजची माणसं भर दुपारी गाडी घेऊन वर आली तेव्हा हिने दार उघडून दिलं आणि स्वतः नियमाप्रमाणे भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. वाडी तर पाठ करूनच बसली होती. गाडीचा आवाज ऐकूनही कुणी मान वळवली नाही. आज मी नकलेला शेंदूर फासला की पुढच्या खोळीपर्यंत कुणाला काही कळणार नव्हतं. तोवर मी नसते, तीही नसती. पाप माझ्याच हाताने झाकून घ्यायचा बेत होता तिचा.

उत्कर्षा म्हणाली, "मी आत्ता पुरातत्त्व खात्याला कळवते. उशीर केला तर दगड लांब जातो."

रेश्मा माझ्या पायांवर पडली. "आक्का, पाया पडते. दसऱ्याला थोरली हितं आनून ठिवते. मी जयराज दादांशी बोलते. तवर गप ऱ्हावा. आमच्या ह्यांना कळलं तर ते मला घरात ठेवायचं न्हाईत."

मला जयराजवर विश्वास नव्हता. पण पायावर पडलेली ती पोर मी पांघरुणात घेतलेली होती. मी उत्कर्षाला म्हटलं, "दसऱ्यापातूर थांब."

ती खूप नाराज झाली. "तुमच्यासाठी थांबते, आक्का. पण हे बरोबर न्हाई." तिचंच खरं होतं.

मी घंटा वाजवली नाही. दारात येऊन सगळ्या पाठींना सांगितलं, "थोरली अजून तयार न्हाई. शेंदूर दसऱ्याला." कुणी एका शब्दाने विचारलं नाही. शालूबाई म्हणते म्हणजे तसंच असणार. माणसं उठली आणि मागे न बघता खाली गेली.

ते नऊ दिवस कसे काढले, माझं मला माहीत. लालासाहेबांना सांगितलं तेव्हा ते काठी घेऊन निघाले होते, त्यांना मी शपथ घालून बसवलं. रेश्मा रोज सांगायची, दादा म्हंतात आनून देतो, दादा म्हंतात आज उद्या. मी विश्वास ठेवला नाही आणि सोडलाही नाही.

दसऱ्याच्या सकाळी लालासाहेब झेंडूची फुलं आणायला उंब्रजला गेले आणि हात हलवत परत आले. म्हणाले, "चौकात येऊन बघ, तुझं तोंड लागलंय."

मी गाडीवर बसून गेले. हमरस्त्याच्या पुलाखाली एक भला मोठा फलक. मधोमध रेश्मा, हात जोडलेली. वर जयराज. आणि खालच्या कोपऱ्यात मी, अंगणवाडीच्या निरोपसमारंभात काढलेल्या फोटोतली. त्याखाली लिहिलं होतं, 'थोरल्या जाऊबाईंचा आशीर्वाद'. तिकीट झालं होतं. नऊ दिवस ती थोरलीसाठी नाही, या फलकासाठी मागून घेत होती.  भर चौकात मी दुकानाच्या पायरीवर बसले.

मग राग आला, आणि रागाने मला उठवलं. तिथूनच उत्कर्षाला फोन केला. म्हटलं, "कळव. आज सांगते सगळं." तिने थोरलीची खोळ फुटू देऊ नका, एवढंच बजावलं.

दुपारी वाडी पुन्हा ठाण्याखाली पाठ करून जमली. मी वर गेले. रेश्मा दारात उभी होती, हिरव्या लुगड्यात, कडेवर टोपली, टोपलीत थोरलीची खोळ. संगमावर सोडायला निघाली होती. थोरली आणली का, हे विचारायची मला गरज वाटली नाही.

"दे ती टोपली," मी म्हटलं.

"आक्का, आज सोडायची असती."

"दे म्हटलं ना!"

तिने दिली. मग हळू आवाजात म्हणाली, "थोरली त्यांच्या बंगल्यातनं बी गेली, आक्का. मलाबी सांगितलं न्हाई कुटं ते. मी तरी काय करू?"

खरं तर तेव्हा विचारण्यासारखं काही राहिलं नव्हतं. पण एक गोष्ट मला कुरतडत होती, घटस्थापनेपासून. मी विचारलं, "दोन शिळा हुत्या. द्यायचीच हुती तर माजीच का दिलीस? तुजी का न्हाई?"

तिने माझ्याकडे बघितलं. खरंच नवल वाटल्यासारखं बघितलं.

"असं काय इचारता, आक्का? माझी धाकटी मी कशी दीन? माजा हात धजंल व्हय?"

तिच्या तोंडावर लबाडी असती तर मला सोसलं असतं. ती नव्हती. मला नवी नवरी आठवली, माझ्या कुशीत झोपणारी, आणि इतकी वर्षं मी जे आपलं दोघींचं समजत होते त्यात तिचं काय आणि माझं काय, हे तिने पहिल्या दिवसापासून वेगवेगळं धरलं होतं, हे मला आता या वयात कळलं. जयराजने दगड नेला. माझी जाऊ मात्र माझ्याकडे कधी नव्हतीच.

मी नकलेवरचं लुगडं काढलं आणि घंटा ओढली. वाडी वळली. सगळ्यांनी हात जोडले आणि वर बघितलं, तर शेंदूर नाही, लुगडं नाही, उघडा दगड. बायकांनी डोळ्यांवर पदर घेतले.

"पदर काढा," मी ओरडले. "ती हितं न्हाईच, तर लाज कुनाची धरताय? ही थोरली न्हाई. थोरली जयराजनं नेली आन् दार आमच्या रेश्मानं उघडून दिलं. मी खोळ घेऊन उंब्रजच्या पोलीस ठाण्यात चाललेय. ज्याला यायचं त्यानं या."

 खाली लालासाहेबांनी गाडी चालू केल्याचा आवाज आला. मी टोपली छातीशी धरली आणि पायऱ्या उतरू लागले. धाकटी आत तशीच उघडी राहिली. थोरली आल्याशिवाय तिला शेंदूर नाही.

दुसऱ्याच पायरीवर माझा पाय सरकला.

"आक्का, जपून, शेवाळ हाय!" रेश्मा मागून धावत आली आणि तिने माझा दंड धरला. तिचा हात तसाच होता, ओळखीचा, गुडघ्यांना तेल चोळणारा. आणि सवयीने माझाही हात तिच्या खांद्याकडे गेला. तो मी अर्ध्यातून मागे घेतला.